एका माणसाचा मंगळवार

खोली क्र. ९, कारखान्यामागे
दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मोजे पोचले. दोन्ही एकाच पायाचे वाटतात, पण ऊब दोन्ही पायांना देतात.

परवा माझे तीन महिने पुरे झाले. आमच्या लिफ्टच्या कारखान्यात पहिले तीन महिने नुसता भत्ता असतो, मग पगार ठरतो. मला वाटलं, आत बोलावतील, आकडा सांगतील, मी मान हलवून बाहेर येईन. तसं झालं नाही. मालकीणबाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, पगार तूच लिहायचा. पण आकडा शेवटी. आधी एका मंगळवारचं वर्णन लिहायचं, उठल्यापासून झोपेपर्यंत. सुट्टीचा नाही, आजारपणाचा नाही, साधा मंगळवार. ज्यात ओढाताण नाही आणि माजही नाही. तसं जगायला महिन्याला किती लागतील, ते त्याच्याखाली लिहायचं. बाई वाचतात. पटलं तर सही करतात, आणि तोच पगार. पुढची दोन वर्षं त्यात बदल नाही.

मी विचारलं, मंगळवारच का. त्या म्हणाल्या, सोमवारी माणूस रुसलेला असतो आणि शुक्रवारपासून उधळलेला. मंगळवारी तो जसा आहे तसा सापडतो.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकतो ते मिस्त्री सांगतात, ही पद्धत बाईंच्या नवऱ्याची. तो गेल्यावर बाईंनी मोडली नाही. मिस्त्रींच्या मंगळवारात एकच ओळ होती: औषधाच्या दुकानात किंमत न विचारता बाटली उचलतो. त्यांच्या बायकोला दमा आहे. बाईंनी लगेच सही केली. दुसरा एक जण आहे, त्याला आम्ही साहेब म्हणतो, कारण तो ग्रीसमध्येही टाय लावून उतरतो. त्याने लिहिलं, जेवायला रोज चार पाहुणे असतात. बाईंनी त्यावरही सही केली. सहा महिन्यांनी एका मंगळवारी पाचव्या पाहुण्या म्हणून त्या स्वतः त्याच्या दारात उभ्या. साहेब एकटाच बसून पावाला जॅम लावत होता.

मला महिनाअखेर कागद द्यायचा आहे. चार वेळा बसलो. ‘सकाळी उठतो’ याच्या पुढे पेन जात नाही. आरामात राहायला किती लागतात, ताई? चांगला पगार म्हणजे किती? तू इतकी वर्षं आपलं घर ओढलंस, तुला ठाऊक असणार.

गुडघ्यांचं काही लिहीत नाहीस.

तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
खिळा


लाँड्रीवरची खोली
दि. ९ मार्च, संध्याकाळ

चि. खिळ्यास,
अ. आ.

मोजे बरोबर आहेत. तुझे पाय तसे आहेत.

तुझ्या बाई एकतर फार शहाण्या असाव्यात, नाहीतर त्यांना दुपारी वेळ जात नसावा. पण जिथे कोणाला पगार विचारायची सोय नव्हती त्या आपल्या घरातून पगार लिहायला सांगणाऱ्या कारखान्यात गेलास, हे काही वाईट झालं नाही.

मला आकडा विचारतोस. तेवीस वर्षं या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करते आहे. मला माणसाचा पगार आकड्यावरून कळत नाही, कपड्यावरून कळतो. सगळ्यांत महागड्या खोलीत एक गृहस्थ दर महिन्याला येतात. त्यांच्या शर्टांच्या कॉलरी उलटवून शिवलेल्या असतात आणि ते आत एक चिठ्ठी ठेवतात: ‘जपून’. आणि मागच्या अंगाच्या स्वस्त खोलीत एक बियाण्यांचा विक्रेता उतरतो. त्याचे सहा शर्ट, सहाही धड, एकाचंही बटण तुटलेलं नाही. दोघांत आरामात कोण, ते तू सांग.

माझं गणित असं. एक जोड बूट ओला असताना दुसरा कोरडा असला की माणूस आरामात आहे. तिसऱ्याची गरज नाही. तिसरा आणला की त्याला कपाट लागतं, कपाटाला मोठी खोली लागते, आणि मोठ्या खोलीत एकटं करमत नाही म्हणून बायको लागते. तुला ते परवडणार असेल तर तिसरा घे.

एक सांगते. कमी लिहू नकोस. तुला कमी मागायची खोड आहे. ती माझ्याकडून लागली, म्हणून मला ओळखू येते.

इकडे लाँड्रीत वाफेचं मोठं यंत्र आलं. एका बाजूने चादर घालायची, दुसऱ्या बाजूने घडी बाहेर. दहा बायकांचं काम दोन पोरी करतात. मुकादम म्हणतो, शर्ट मात्र हातानेच होणार, तुम्ही निश्चिंत राहा. मी निश्चिंतच आहे. गुडघे जिथे होते तिथेच आहेत.

माझी काळजी करून आकडा फुगवू नकोस. मला खोली आहे, लाँड्रीचीच आहे, भाडं नाही. पगार आहे. तुझा मंगळवार तुझा तू लिही.

आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझी,
ताई


खोली क्र. ९
दि. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

अजून ‘सकाळी उठतो’ इथेच आहे.

लोक कसे राहतात ते पाहून काही सुचेल असं वाटलं. लिफ्ट बंद पडली की लोक दारं उघडी टाकून जिन्यात येतात, आणि घर दिसतं. या आठवड्यात एका इमारतीत तीन दिवस काम होतं. अकराव्या मजल्यावरचे गृहस्थ महिन्याला जे मिळवतात ते मला दोन वर्षांत मिळणार नाही. त्यांच्या दिवाणखान्यात सात दिवे आहेत. बायको एक लावते, ते मागून जाऊन मालवतात. मी वायर जोडेपर्यंत हे पाच वेळा झालं.

दुसऱ्या मजल्यावर एक गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी मला अर्धं संत्रं दिलं आणि सावकाश करा म्हणाल्या. मी धीर करून विचारलं, तुमचा पगार पुरतो का. त्या म्हणाल्या, सव्वीस तारखेपर्यंत छान पुरतो. मग पुढचे दिवस? तेव्हा मी बहिणीकडे जाते, म्हणाल्या. आता हा पुरतो म्हणायचा की नाही? मिस्त्रींना विचारलं, तर ते म्हणाले, बहिणीला विचार.

मी दोघांचा आकडा लिहू का? दोन खोल्या बघता येतील. तू तिकडे एकटी, मी इकडे एकटा, दोन चुली, दोन दिवे. तू नाही म्हणशील हे ठाऊक आहे. तरी विचारतो.

आणि दुसरी विनंती. मंगळवार तूच लिहून दे. शाळेत माझे निबंध तूच लिहायचीस आणि मी उतरवून काढायचो. ‘माझा आवडता पक्षी’ला मला पहिला नंबर मिळाला होता आणि मला अजून तो पक्षी ओळखता येत नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
खिळा


लाँड्रीवरची खोली
दि. २० मार्च, सकाळचे अकरा

चि. खिळ्यास,
अ. आ.

तो पक्षी बुलबुल होता.

बसून निवांत लिहिते आहे, म्हणजे अक्षर लागेल. खाली देते ते जसंच्या तसं उतरव, फक्त शुद्धलेखनाच्या दोन चुका तुझ्या घाल, नाहीतर बाईंना संशय येईल.

‘मंगळवार. सहाला जाग येते. चहा तयार असतो. शर्टाला इस्त्री झालेली असते, तो खुर्चीच्या पाठीवर असतो. डबा भरलेला असतो आणि त्यात कालचं काही नसतं. मी कामावर चालत जातो, कारण सकाळी माझ्या हाताशी वेळ असतो. दिवसभर काम करतो. हाताचं ग्रीस काढायला चांगला साबण असतो. संध्याकाळी परततो तेव्हा रस्त्यावरूनच आमच्या खिडकीतला दिवा दिसतो. ओले बूट दाराशी काढतो, कोरडे घालतो. विरलेले मोजे रफू होऊन खणात असतात. जेवण गरम असतं. जेवताना मी दिवसभरातलं सांगतो. मग रेडिओ ऐकतो. दहाला झोपतो. उद्याची काळजी नसते, कारण उद्या बुधवार असतो आणि तोही असाच असतो.’

आकडा चौदाशे. भाडं, जेवणखाण, बुटांचे दोन जोड, साबण, रेडिओ आणि महिन्यातून एक सिनेमा धरून काढला आहे. यात एक माणूस आरामात राहतो आणि महिनाअखेर शंभर उरतात. शंभर उरलेच पाहिजेत. जिथे बरोबर पुरतं तिथे माणूस आरामात नसतो, सावध असतो.

मला धरायचं नाही. धरलंस तर मी स्वतः येऊन कागद फाडेन, आणि तुझ्या बाईंसमोर तुझा कान धरेन.

इकडे सगळं ठीक. अक्षर नीट काढ.

तुझी,
ताई


खोली क्र. ९
दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

कागद परत आला.

मी ३१ तारखेला दिला. बाईंनी माझ्यासमोरच वाचला. हातात पेन्सिल होती. वाचताना त्यांनी समासात सहा ठिकाणी बारीक रेघ मारली. मला वाटलं, शुद्धलेखन. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. चहा तयार असतो, तो कोणी केला? इस्त्री कोणी केली? डबा कोणी भरला? तू रस्त्यावर आहेस तर खिडकीतला दिवा कोणी लावला? मोजे कोणी रफू केले? शेवटचं त्यांनी जरा हळू विचारलं. जेवताना सांगतोस, ते कोणाला?

मी म्हणालो, मी एकटा राहतो. त्या म्हणाल्या, तू राहत असशील, हा मंगळवार राहत नाही. यात दोन माणसं आहेत आणि आकडा एकाचा आहे. दुसऱ्या माणसाला काय मिळतं?

मग मी कबूल केलं की हे बहिणीने लिहून दिलंय. मला वाटलं, हाकलतील. त्यांनी नुसता कागद परत दिला आणि एप्रिलअखेरपर्यंतची मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी मी तो मंगळवार एकट्याने करून पाहिला. चहा उतू गेला. इस्त्रीने कॉलर जळाली. डब्यात कालचंच होतं. चालत जायला वेळ उरला नाही, धावत गेलो. संध्याकाळी खिडकीत अंधार होता, मी घरात नव्हतो म्हणून. जेवण झालं तेव्हा साडेनऊ वाजले होते. दिवसभरातलं मी स्टोव्हला सांगितलं.

ताई, तो निबंध मी दोनदा उतरवला, एकदा कच्चा, एकदा पक्का. मला त्यात तू दिसली नाहीस. हे एक वेळ ठीक आहे, मी तसाच आहे. पण लिहिलास तू. मला धरू नकोस असं बजावलंस आणि पहाटेपासून झोपेपर्यंत त्यात राबत राहिलीस, आणि तुलाही तू दिसली नाहीस. याचं मला जास्त लागलं.

आता एक विचारतो. तुझ्या त्या पत्रावर सकाळचे अकरा लिहिलेत. कामाचा दिवस होता. अकराला तू टेबलापाशी उभी असतेस. तू तर बसून निवांत लिहीत होतीस. काय झालंय? खरं लिही.

वाट पाहतो.

तुझा,
खिळा


लाँड्रीवरची खोली
दि. ७ एप्रिल

चि. खिळ्यास,
अ. आ.

तुझ्या बाईंना म्हणावं, लिफ्टचे दोर तपासा, लोकांचे दिवे कशाला तपासता.

आता खरं. शर्टही यंत्रावर गेले. १२ मार्चपासून मी घरी आहे. मुकादमाने आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. तेव्हाच मी ओळखलं. तेवीस वर्षांत तिथे मला कोणी खुर्ची दिली नव्हती. तीन महिन्यांचा पगार हातात ठेवला. मे अखेर खोली सोडायची आहे. माणूस वाईट नाही, बोलताना त्याने सगळा वेळ माझ्याकडे पाहिलं.

गुडघ्यांचं म्हणशील तर डावा वाकत नाही आणि उजवा वाकला की सरळ होत नाही. दोघांचा मिळून एक चांगला पाय होतो.

तुला लिहिलं असतं तर तू आकडा फुगवला असतास आणि बाईंनी तो नाकारला असता. म्हणून नाही लिहिलं. यात लपवण्यासारखं काय आहे.

तुझ्याकडे मी येणार नाही. आपली आत्या आठव. बारा वर्षं आपल्याकडे होती. सगळ्यांच्या मागून जेवायची. ती गेल्यावर तिच्या आवडीचं काही करावं म्हणून बाबांनी विचारलं, तिला काय आवडायचं, आणि घरात एकालाही सांगता आलं नाही. आपल्यातलं कोणी वाईट नव्हतं. तरी असं झालं. मला तुझ्या घरातली आत्या व्हायचं नाही.

कुठेतरी एक खोली बघीन. दोन हात चालतात अजून. तू तुझा चहा तुझा करतोस असं लिही आणि चौदाशेचे बाराशे कर. नाहीतर इस्त्रीवाला लाव आणि पंधराशे कर. पण हा विषय आता पुरे.

जळालेली कॉलर टाकू नकोस. उलटवून शिवता येते.

तुझी,
ताई


लिफ्ट कारखाना, कार्यालय
दि. १५ एप्रिल

श्रीमती ताई यांस,
स. न. वि. वि.

आपला परिचय नाही. पत्ता आपल्या भावाने दिला. तुम्ही रागावाल असेही त्याने सांगितले आहे.

आज त्याने कागद पुन्हा आणला. मंगळवार तोच. आकडा चौदाशेचा एकवीसशे केलेला, आणि तळाशी लिहिलेले: बहीण, एक. मी सही केली नाही. आकडा जास्त आहे म्हणून नव्हे. त्या बहिणीचा मंगळवार कुठे आहे ते मला त्या कागदावर दिसले नाही. भावाचा चहा आणि भावाचे मोजे यांखेरीज ती दिवसभर काय करते, ते त्याला माहीत नाही. मी विचारले तेव्हा त्याने तसे सरळ कबूल केले. मुलगा प्रामाणिक आहे.

ही पद्धत माझ्या यजमानांनी सुरू केली. पहिला मंगळवार त्यांनी स्वतःचा लिहिला होता. ते गेल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात मला तो सापडला. फार सुंदर लिहिला होता. त्यातही चहा तयार होता. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षे त्यांच्या घरात होते आणि त्या कागदावर कुठेही नव्हते. त्यानंतर मी हे कागद पेन्सिल घेऊन वाचते.

आपला मंगळवार आपण लिहून पाठवावा. ही दया नाही. पगार मी फक्त त्याला देणार, आपल्याला नाही. पण चुकीच्या आकड्यावर मी दोन वर्षांसाठी सही करत नाही. त्याने कारखाना बुडत नसला तरी माणसे बुडतात, आणि मग लिफ्ट नीट दुरुस्त होत नाहीत.

त्रासाबद्दल क्षमा असावी.

आपली,
कारखान्याची मालकीण


लाँड्रीवरची खोली
दि. २२ एप्रिल

श्रीमती मालकीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रागावले होते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा रागावणं राहून गेलं.

आपण मागितलंत म्हणून लिहिते. चार दिवस लागले. मी काय करते ते मला भराभर लिहिता येतं. मला काय हवं ते लिहायला बसले की हात थांबतो आणि मी भांडी घासायला उठते. शेवटी भांडी संपली.

मंगळवार. पाचला जाग येते, सवयीने. पण मी सातला उठते. चहा भाऊ करतो. वाईट करतो. मी पिते, आणि वाईट झाला म्हणून सांगते. त्याचा शर्ट तो इस्त्री करतो. मी खुर्चीवर बसून शिकवते, हात लावत नाही. (हे मला सगळ्यांत जड जाईल.) डबा ज्याचा त्याने भरायचा.

दहा ते दोन मी बसून काम करते. काजं, बटणं, रफू. असं काम शिंप्यांकडे असतं आणि माझ्याइतकं बारीक रफू इथे कोणाला येत नाही. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे, पण ते खरं आहे. त्याचे पैसे माझ्या पाकिटात.

दुपारी एक तास मी खिडकीत बसते. काही करत नाही, विणत नाही, निवडत नाही. या तासाला कारण नाही. तो मला हवा आहे.

स्वयंपाक एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. मंगळवार त्याचा. आम्ही एकदम जेवायला बसतो. तो दिवसभरातलं सांगतो, मग मी सांगते. मला कारलं आवडतं, त्याला आवडत नाही. तरी महिन्यातून दोनदा होतं.

खोल्या दोन. तळमजल्यावर. माझ्या खोलीला दार हवं, पडदा नको.

आकडा. असं राहायला दोघांना मिळून एकोणीसशे लागतात, त्यातच शंभर उरतात. त्यातले चारशे मी मिळवीन. म्हणजे तुमच्याकडून त्याला पंधराशे. मी आधी तेराशे लिहिले होते. ते खोडलं. खोडलेलं दिसेल, तरी नवा कागद घेतला नाही.

काही अधिक-उणं वाटलं तर मोठ्या मनाने घ्यावं.

आपली नम्र,
इस्त्रीवाली


खोली क्र. ९
दि. ३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

सही झाली. पंधराशे.

तुझं पत्र बाईंनी मला वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसल्या. मी दुसऱ्या कागदावर माझा मंगळवार नव्याने लिहिला. पहिल्यांदाच पूर्ण लिहिता आला. आता त्यात चहा मी करतो. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहिले, जेवायची वेळ जुळते का, खोल्यांचं भाडं जुळतं का. पेन्सिल एकदाच टेकवली. चहा वाईट होतो, तिथे समासात त्यांनी लिहिलं आहे: शिकेल.

मिस्त्रींनी विचारलं, आकडा चांगला आहे ना. साहेबाला माझ्यापेक्षा नऊशे जास्त मिळतात आणि तो अजून जॅमवर आहे. मी म्हणालो, चांगला आहे. सांगताना मला लाज वाटली नाही. तेवढ्यावरून तो चांगला असावा.

जागा पाहिली. तळमजला, दोन खोल्या. पुढची खोली तुझी, कारण खिडकी तिथेच आहे. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, मागे दृश्य वगैरे काही नाही. तासभर बघायला पुरेल का ते कळव. नाहीतर दुसरी बघतो. तुझ्या खोलीचं दार खाली घासतं, ते मी रंधा मारून घेतलं. आतून कडी बसवली. रस्त्याच्या टोकाला एक शर्टाचं दुकान आहे. त्यांना मी काहीही बोललो नाही. ते तुझं काम आहे.

आत्याचं पत्रात वाचल्यापासून मी आठवून पाहतोय. तिला लिमलेटच्या गोळ्या आवडायच्या. मला एक द्यायची आणि एक स्वतःच्या तोंडात टाकायची. म्हणजे एकाला माहीत होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

कधी येतेस ते लिही.

तुझा,
खिळा


लाँड्रीवरची खोली
दि. ६ मे

चि. खिळ्यास,
अ. आ.

सायकलचं दुकान चालेल. दृश्य एकदा बघून होतं. दुकानात रोज निराळी सायकल येते.

आत्याचं वाचलं. बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं.

सामान थोडं आहे. एक ट्रंक, एक वळकटी, माझी लोखंडी इस्त्री. इस्त्री ठेवून येणार होते, पण मुकादमाने स्वतः आणून दिली आणि म्हणाला, बाई, ही तुमचीच. लाँड्रीतल्या दोघी निरोपाला आल्या होत्या. त्यांना मी सांगितलं, भावाकडे राहायला जाते आहे. एकीने विचारलं, त्याचं सगळं करायला का? मी म्हणाले, नाही, राहायला. तिला नीट कळलं नाही. मलाही सवय व्हायची आहे. पहिल्या आठवड्यात मी पाचला उठून तुझा डबा भरायला घेईन. तेव्हा भांडू नकोस. नुसता डबा माझ्या हातातून काढून घे.

तेरा तारखेच्या गाडीने निघते. तुझ्याकडे दुपारी चारला पोचते. वाराचं विचारशील तर बुधवार आहे. मंगळवारचंही तिकीट मिळत होतं, पण तुझ्या बाईंना वाटलं असतं मी मुद्दाम करते.

त्या दिवशी अर्धी सुट्टी माग. एरवी मी लिहिलं असतं, कामावर जा, मी हमाल करून येईन. तसं लिहीत नाही. डब्याची पायरी उंच असते आणि मला एकटीला उतरता येणार नाही. फलाटावर उभा राहून हात हलवू नकोस. गाडी थांबली की वर चढ, आत ये, आणि माझा हात धर.

बाकी समक्ष.

तुझी,
ताई